दोनशे सत्त्याऐंशी नंबरचं नाव

त्या शहरात ब्रशने अक्षर लिहिणारा एकच माणूस उरला होता, आणि आपण काय लिहिलं हे त्याला कधीच सांगता येत नसे. सगळे त्यांना पेंटर म्हणत. बायकोसुद्धा परक्यांशी बोलताना ‘आमचे पेंटर’ असंच म्हणायची. वय बासष्ट. उजवा गुडघा कामातून गेलेला. हात मात्र असा, की फूटपट्टी न लावता ओढलेली त्यांची रेघ पाहून सुतार गप्प बसत.

लिहिताना त्यांना अर्थ दिसत नसे, अक्षर दिसे. ‘ळ’चे दोन डोळे सारखे आले का, उकार खालच्या ओळीच्या डोक्यावर आदळत नाही ना, एवढंच. एकदा हाडांच्या डॉक्टरांनी दवाखाना आठ दिवस बंद असल्याची पाटी त्यांच्याकडून रंगवून घेतली. पाटी सुरेख झाली. दुसऱ्या दिवशी पेंटर गुडघा दाखवायला त्याच दवाखान्यात गेले आणि आपल्याच पाटीखाली पाऊण तास बसून परत आले. घरी येऊन म्हणाले, डॉक्टरांना आज उशीर होतोय बहुतेक.

फ्लेक्स आल्यावर धंदा बसला. गाड्यांच्या नंबरप्लेट, पाण्याच्या टाक्या, ‘येथे वाहन लावू नये’, एवढंच काम उरलं. पेंटरनी कुणाकडे रडगाणं गायलं नाही. फ्लेक्सवरच्या अक्षरांना हाडं नसतात, एवढं म्हणायचे, तेही कुणी विचारलं तर.

त्या वर्षी गारपीट झाली. दुपारी सव्वादोनला सुरू झाली आणि अडीचला थांबली. तेवढ्या वेळात उभी पिकं आडवी झाली, बागांमध्ये नुसत्या काठ्या उरल्या आणि कृषी कार्यालयातल्या साहेबांच्या गाडीची मागची काच फुटली. काचेचा पंचनामा त्याच दिवशी झाला. शेतांचा पुढच्या महिन्यात झाला.

मदत जाहीर झाली, अर्ज भरले गेले, पैसे खात्यांवर गेले. मग वरून एक परिपत्रक आलं. कुणाला, कोणत्या पिकासाठी, किती क्षेत्रावर, किती मदत मिळाली, ही यादी लोकांना दिसली पाहिजे.

यादी लावायचा नियम आधीही होताच. ती कार्यालयाच्या आतल्या बोळात, काचेच्या फलकात लागायची. पण फलकाची किल्ली हरवली होती. त्यामुळे आत तीन आपत्तींपूर्वीची यादी होती, आणि त्यानंतरच्या सगळ्या याद्या एका खणात ठेवलेल्या होत्या. मागेल त्याला त्या दाखवायच्या, असं ठरलं होतं. खणात याद्या आहेत हे कुणालाच ठाऊक नसल्याने कुणी मागितल्या नव्हत्या.

नव्या परिपत्रकाने ही सोय काढून घेतली. यादी रहदारीच्या रस्त्यावरच्या भिंतीवर, रंगाने, वाचता येईल अशा अक्षरांत लिहायची. ती पूर्ण झाल्यापासून पंधरा दिवस कुणालाही हरकत घेता येईल. कागद वाऱ्याने उडतो आणि फ्लेक्स लोक छपरावर टाकायला नेतात, हे ते परिपत्रक लिहिणाऱ्याला अनुभवाने माहीत असावं.

कार्यालयाने पेंटरना बोलावलं. साहेब सज्जन होते, कुणाचं वाकडं करणारे नव्हते आणि सरळ करण्याच्या भानगडीतही पडणारे नव्हते. त्यांनी अर्ध्या इंचाचं अक्षर सुचवलं. रंगही दाखवला. कार्यालयाच्या भिंती रंगवून उरलेला फिकट निळा, दोन डबे.

पेंटरनी डब्यात बोट बुडवलं, आपल्या तळहातावर रेघ ओढली आणि म्हणाले, “साहेब, या रंगात लिहिलं तर वाचणाऱ्याला भिंतीत शिरावं लागेल.”

साहेबांचं म्हणणं पडलं की डबे वाया जातात. पेंटरचं म्हणणं पडलं की त्यात स्वच्छतागृह छान दिसेल. कारकूनबाईंनी परिपत्रक पुन्हा वाचून दाखवलं. ‘वाचता येईल अशा’ हे शब्द त्यांनी जरा सावकाश वाचले, आणि शेवटी दीड इंचाचं अक्षर आणि काळा रंग ठरला. यात पारदर्शकतेचा विचार कुणीच केला नव्हता. पेंटरना आपलं अक्षर मळकट दिसायला नको होतं, इतकंच.

भिंत मिळाली ती धान्याच्या गोदामाची, बस थांब्याच्या समोरची. नावं चारशे बारा. पेंटरनी पांढरा हात दिला, दोऱ्याने रेघा मारल्या, स्टूल मांडलं आणि एक नंबरपासून सुरुवात केली. दिवसाला वीस नावं होत.

पहिल्या दिवशी कुणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी बसची वाट पाहणाऱ्यांपैकी दोघं रस्ता ओलांडून आले. तिसऱ्या दिवशी निवृत्त पोस्टमन आले, आणि मग ते रोजच येऊ लागले. छत्तीस वर्षं घरोघरी टपाल वाटलेला माणूस. घरी सून वाचत बसू देत नसे, म्हणून ते बाहेर वाचत. चष्मा लावून त्यांनी पेंटरच्या पाठीमागे उभं राहून खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. नंबर, नाव, पीक, क्षेत्र, रक्कम. ज्यांना लांबचं दिसत नव्हतं त्यांची सोय झाली. गर्दी वाढली, तसा चहावाल्याने आपला बाक तिकडे सरकवला.

पोस्टमन मध्येच एखादं वाक्य जोडत. एका नावाशी थांबून म्हणाले, यांचा पत्ता मला पाठ आहे, तिसऱ्या मजल्यावर राहतात. गहू चार एकर लिहिलाय. गॅलरी मोठी असेल.

लोक हसले. पेंटरचा ब्रश जागेवरच थांबला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लिहिलेल्या ओळीचा अर्थ कुणीतरी त्यांना ऐकवला होता. ते मागे वळून भिंतीकडे बघत राहिले, जणू ती दुसऱ्याच कुणी रंगवली होती.

साहेब एकदा येऊन गेले. मोठ्याने वाचावं असं परिपत्रकात कुठे म्हटलेलं नाही, असं त्यांनी पोस्टमनना शांतपणे सांगितलं. वाचू नये असंही म्हटलेलं नसेल ना, असं पोस्टमननी तितक्याच शांतपणे विचारलं. साहेबांनी बघून सांगतो म्हटलं आणि ते बघायला गेले.

रोज येणाऱ्यांत एक खरबूजवाली होती. बाजाराच्या तोंडाशी तिची गाडी असे. नदीकाठची तिची तीन एकर खरबुजं गारांनी अशी फुटली होती की शेतात पाय ठेवला तर गर घोट्यापर्यंत यायचा. ती वीस नावं होईपर्यंत उभी राहायची आणि निघून जायची. बाराव्या दिवशी मात्र ती स्टुलाजवळ आली आणि विचारलं, “काका, माझं नाव पुढं आहे का?”

पेंटर म्हणाले की आपण पुढचं वाचत नाही, लिहायचं तेवढंच बघतो. हे खरंच होतं. पण बोलून झाल्यावर ते त्यांनाच कसंसं वाटलं. तिचं नाव विचारून घेऊन त्या दिवशी ते यादीचे सगळे कागद घरी घेऊन गेले आणि ओट्यावर बसून, बोटाने ओळ धरून, दोनशे एक्केचाळिसापासून शेवटपर्यंत वाचत गेले. खरबूजवालीचं नाव कुठेच नव्हतं. दोनशे सत्त्याऐंशी नंबरला त्यांच्या मेव्हण्याचं नाव होतं. डाळिंब, सहा एकर.

मेव्हण्याची सहा एकर जमीन पेंटरना चांगली माहीत होती. तीन वर्षांपूर्वी तिथली झाडं काढून, मुरूम टाकून, मेव्हण्याने ट्रक उभे करायचा तळ केला होता. फाटकावरची ‘ट्रक व ट्रेलर उभे करण्याची उत्तम सोय’ ही पाटी पेंटरनीच रंगवलेली. ‘ट्र’ दोनदा आला होता आणि दोन्ही झकास जमले होते, म्हणून ती पाटी तेवढी लक्षात राहिली होती.

त्यांनी कागद बायकोपुढे धरला. तिने वाचला, घडी घालून परत दिला आणि निवडत असलेली भाजी पुन्हा पुढे ओढली.

दोन दिवसांनी सकाळी मेव्हणा आला. भिंतीची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती आणि रोज वीस नावं या हिशोबाने आपला वार कोणता येतो हे त्याने काढलं होतं. माणूस वाईट नव्हता. ताईचं ऑपरेशन झालं तेव्हा पेंटर गुडघ्यामुळे जिने चढू शकत नव्हते. अकरा दिवस हाच दवाखान्यात बाकावर झोपला होता, आणि घरी गेल्यावर त्याचा कुठे शब्दसुद्धा काढला नव्हता. त्याने चहा घेतला, गुडघ्याची चौकशी केली आणि मग सांगायला लागला. अर्ज त्याने भरलाच नव्हता, भरून देणाऱ्याने भरला होता. पाहणीवाल्याने जमीन किती विचारली; सहा एकर म्हणून सांगितलं, ती तेवढीच आहे. पीक काय विचारलं. डाळिंब म्हणून सांगितलं.

“डाळिंबं होतीच की, दाजी. कधी होती ते त्यानं विचारलं नाही.”

पेंटरनी मान हलवली. प्रश्न अपुरा होता हे त्यांनाही पटलं.

नाव गाळा असं मेव्हणा म्हणाला नाही. तेवढी समज त्याला होती, नंबर तुटला असता. त्याची मागणी बारीक होती. आडनावात दुसऱ्या अक्षराला दुसरी वेलांटी आहे. ती पहिली केली की आडनाव नदीपलीकडच्या दुसऱ्याच घराण्याचं होतं. त्या घराण्यात आता कुणी उरलेलं नाही, म्हणजे कुणाला त्रास नाही. भिंतीवर एवढी नावं, एखादी वेलांटी इकडची तिकडे झाली तर पेंटरला कोण विचारणार.

पेंटर बघतो म्हणाले. मेव्हणा उठला, स्वयंपाकघराच्या दारात थांबला. “ताई, येतो.” ताईने ये म्हटलं, पण वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोनशे शहाऐंशी नावं झाली आणि पेंटरचा गुडघा दुखायला लागला. गुडघा दुखत होताच, पण त्या दिवशी तो कामाच्या आड आला. तीन दिवस ते घरी बसले. पहिल्या दिवशी कार्यालयातून फोन आला. दुसऱ्या दिवशी पोस्टमन स्वतः तेल घेऊन आले, गुडघ्याला चोळायला. त्यांनी सांगितलं की लोक भिंतीपाशी येतात, कालचीच नावं वाचतात आणि जातात. खरबूजवालीही येते.

तिसऱ्या दिवशी दुपारी पेंटरनी पाटीवर खडूने मेव्हण्याचं नाव दोन्ही तऱ्हांनी लिहून बघितलं. पहिल्या वेलांटीने ते जरा पुढे झुकल्यासारखं दिसत होतं. ते पुसायच्या आत बायको मागे येऊन उभी राहिली होती.

“कुठलं लिहिणार?” तिने विचारलं.

“तुझा भाऊ आहे. तू सांग.”

ती खाली बसली. एकदा त्या पाटीकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे.

“तो माझा भाऊ आहे,” ती म्हणाली. “त्याचं नाव नीट लिहा.”

आणि पदराने पाटीवरचं चुकीचं नाव तिनेच पुसलं. मग आत जाऊन तिने पाण्याचा नळ सोडला. बादली भरून वाहायला लागली तरी तो बंद केला नाही, तेव्हा ती रडतेय हे पेंटरना कळलं. आत जावं की नाही ते त्यांना ठरवता येईना. शेवटी गेले, नळ बंद केला आणि तिच्या शेजारी उभे राहिले.

पेंटर कामावर परतले तो दिवस कोरडा होता, रंग पटकन वाळत होता. त्यांनी दोनशे सत्त्याऐंशी आकडा काढला. मग नाव, मग आडनाव. दुसऱ्या वेलांटीला त्यांनी इतर नावांपेक्षा जास्त वेळ घेतला. पीक लिहिलं, क्षेत्र लिहिलं, रक्कम लिहिली, आणि ब्रश तेलात बुडवला.

मागून पोस्टमननी नंबर वाचला, नाव वाचलं, आणि ते थांबले. हे नाव कुणाचं आणि पेंटरच्या कोण लागतं हे तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. पेंटरना मागे वळायचं धाडस झालं नाही. सगळ्यांचे डोळे पाठीत रुतल्यासारखे वाटत होते.

“डाळिंब, सहा एकर,” पोस्टमननी वाचलं. गॅलरीसारखं काही जोडलं नाही. मग घसा खाकरून म्हणाले, “पुढचं येऊ द्या.”

पेंटरनी दोनशे अठ्ठ्याऐंशी आकडा काढला. थोड्या वेळाने चहावाल्याने न सांगता स्टुलापाशी चहाचा पेला ठेवला. पैसे घेतले, पण साखर जास्त होती.

यादी संपली आणि खरबूजवालीचं नाव आलं नाही. ती शेवटच्या ओळीपाशी जरा वेळ उभी राहिली, मग पोस्टमनना म्हणाली की अर्ज कसा लिहितात ते सांगा. पोस्टमननी चहावाल्याच्या बाकावर बसून तिची हरकत लिहून दिली. मग मागे रांगच लागली. पेंटरचा सख्खा मेव्हणाही भिंतीवर आलाय म्हटल्यावर, माझ्या चुलत्याविरुद्ध कसं लिहू, असं आता कुणाला म्हणता येईना. पंधरा दिवसांत एकशे चौऱ्याण्णव हरकती आल्या. हरकतींची पेटी चहाच्या डब्याएवढी होती. ती पहिल्या दिवशीच भरली, आणि कारकूनबाईंनी न विचारताच याद्यांचा खण रिकामा करून तो हरकतींसाठी दिला.

फेरपाहणी झाली. या वेळी पाहणीवाल्याच्या मागे वीस-पंचवीस लोक चालत होते, त्यामुळे त्याने शेत असेल तिथेच शेत लिहिलं.

मेव्हण्याच्या तळावर मात्र पाहणी करावी लागली नाही. दोनशे सत्त्याऐंशी नंबर भिंतीवर आल्यापासून ट्रकवाल्यांनी त्या तळाला डाळिंबाची बाग म्हणायला सुरुवात केली होती. हे कुणी चिडवायला करत होतं असंही नाही, त्यांना ते सोयीचं वाटलं. फोन करून विचारत, बागेत जागा आहे का? बागेत टायर बदलून मिळेल का? एका कंपनीच्या पावतीवर ‘वाहनतळ, डाळिंब बाग’ असं छापून आलं. त्यानंतरच्या सोमवारी मेव्हणा कार्यालयात गेला आणि सगळी रक्कम परत करतो म्हणाला. पैसे परत घ्यायचा अर्ज कार्यालयात नव्हता, आजवर कुणी मागितला नव्हता. साहेबांनी त्याला बसवून घेतलं, पाणी दिलं आणि कारकूनबाईंना तसा अर्ज तयार करायला सांगितला. पुढे तो अर्ज आणखी नऊ जणांना कामाला आला.

शेवटी एकोणचाळीस नावं रद्द झाली आणि बावन्न नवी आली. खरबूजवालीला अडीच एकरांची मदत मिळाली. अर्धा एकर पाहणीवाल्याच्या मते नदीत होता. तिने त्यावर पुन्हा हरकत घेतली. अर्ज या वेळी तिने स्वतः लिहिला.

रद्द नावांवर पांढरा रंग मारून टाका, असं साहेबांनी सुचवलं. पेंटरनी या खेपेला परिपत्रक स्वतः मागून घेतलं आणि उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. नाव पुसू नये, आडवी रेघ मारून पुढे ‘रद्द’ लिहावं, असं त्यात होतं. त्यांनी लाल रंग घेतला. मेव्हण्याच्या नावावरची रेघ त्यांनी बारीक मारली, खालचं नीट वाचता यावं म्हणून. बायको त्या दिवशी भिंतीपाशी आली. पोस्टमननी बाकावर तिला जागा करून दिली, ती बसली नाही. तिने दोनशे सत्त्याऐंशीवर बोट ठेवून वाचलं, वेलांटी बघितली आणि बाजाराला निघून गेली.

मेव्हण्याचं येणं बंद झालं. त्याच्या घरच्या एका कार्याला यांना बोलावणं आलं, पण टपालाने आलं. बायको एकटी जाऊन जेवून आली.

पेंटरच्या बिलाला सात महिने लागले. इतकी मोठी अक्षरं का, असा लेखी शेरा वरून आला होता. कारकूनबाईंनी ‘वाचता आली’ एवढंच उत्तर लिहिलं, आणि काय झालं कोण जाणे, बिल पास झालं. पुढच्या वर्षापासून यादी भिंतीऐवजी वेबसाइटवर टाकायचं ठरलं. ती तिथे आहे, शोधून काढली तर दिसते. पोस्टमन मोबाइल पुढे धरून चहावाल्याच्या बाकावर ती वाचतात. अक्षर बारीक असल्याने वेळ लागतो, पण ऐकणारे थांबतात.

येणं बंद झाल्यापासून दहाव्या महिन्यात, एका रविवारी सकाळी, मेव्हणा दारात उभा राहिला. हातात लिंबांची पिशवी होती. पेंटर ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते, ते सरकले. मेव्हणा बसला. गुडघ्याची चौकशी झाली, उन्हाची झाली. मग त्याने ताईला ऐकू जाईल इतपत आवाजात सांगितलं की तळाच्या मागच्या बाजूचा एक पट्टा मोकळा केलाय, मुरूम उकरून काढला आणि लिंबाची झाडं लावली. ही लिंबं अजून त्यातली नाहीत, विकतची आहेत.

बायको हात पुसत दारात आली. “किती झाडं?”

“पन्नास.”

ती त्याच्याकडे बघत राहिली.

“बेचाळीस,” मेव्हणा म्हणाला.

“बरं,” ती म्हणाली, आणि त्याच्या हातातली पिशवी घेऊन चहा टाकायला आत गेली.